दणकट काबरी

भावकूनं आपल्या काबरी कोंबडीच्या पोटाखाली हात घातला आणि झटकन मागं घेतला. मनगटावर बारीक लालसर ठिपके चालत होते. त्यानं एक चिरडला, तर बोटाला रक्त लागलं. ते काबरीचंच होतं.

"वैनी, पिसवा हायत न्हवं ह्या?"

गल्लीतल्या नागोजीची बायको दारात तांदूळ निवडत बसली होती. पिल्लं निघाली, कोंबडी घेऊन जा, असा निरोप तिनंच धाडला होता. नागोजी बाजाराला गेला होता.

"व्हय की भावजी. औंदा लई झाल्यात. दिवसा फळीच्या फटीत दडत्यात आणि रातच्याला बाहेर येऊन रगत पित्यात. आमची तांबडी तर अंडी टाकून पळाली हितनं. म्हणून तिला दुसरी अंडी घालून माळ्यावर बसवली." बिचारीला वाटलं, भावजींना हे सगळं ठाऊक असणार.

भावकूनं मान वर केली. माळ्यावर तांबडी ऐटीत बसली होती, तुरा लालभडक. तिच्याखाली तंबाखूच्या वाळक्या देठांची जाड गादी होती. त्या वासाला पिसवा थांबत नाहीत. ते देठ भावकूनंच नागोजीला आणून दिले होते, निपाणीहून, लेकीच्या, पूर्णिमाच्या घरून, पोतं मांडीवर घेऊन. बसमधली माणसं शिंकून शिंकून बेजार झाली होती आणि कंडक्टरनं कानडीत त्याचा उद्धार केला होता. काबरीच्या खाली मात्र नुसता भुसा होता. तिचा तुरा पांढराफटक पडला होता.

मच्छे गावात खुडूक कोंबडी, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली, मागितली तर नाही म्हणायची पद्धत नाही. शेजाऱ्याची अंडी तिच्याखाली घालायची आणि निम्मी पिल्लं कोंबडीवाल्याला द्यायची. एकच अट. पिल्लं निघेपर्यंत कोंबडीवाल्यानं तिकडं फिरकायचं नाही, त्याची नजर लागते आणि अंडी बिघडतात. भावकूनं ही अट इतकी पाळली, की नागोजीच्या घरावरून जाताना तो मान दुसरीकडं वळवायचा. एकदा असाच विजेच्या खांबाला जाऊन धडकला. गल्ली हसली. नागोजीही हसला होता.

तेवढ्यात नागोजी पिशवी घेऊन आला.

"आलास व्हय? आठ पिल्लं निघाली बघ. चार तुझी!"

"नागोजी, पिसवा हायत हे तुला ठावं हुतं?"

"कुटं न्हाईत रं पिसवा?"

"तुझी जितनं पळाली, तितंच माझी बसवलीस. आणि देठ समदे तुझीच्या खाली?"

नागोजीनं पिशवी खुंटीला अडकवली. "पोतं केवडंसं हुतं? एकीलाच पुरलं. तांबडी नाजूक हाय, मेली असती. तुझी दणकट हाय रं. ती काय उठती व्हय अंड्यावरनं?"

दणकट. हा शब्द भावकूच्या ओळखीचा होता. फाउंड्रीत दोघं एका दिवशी लागले आणि एका भट्टीवर म्हातारे झाले. वितळलेल्या लोखंडाचं भांडं भट्टीच्या तोंडाशी धरायची पाळी आली, की नागोजी म्हणायचा, "भावकूला जाऊ दे, दणकट हाय त्यो." दिवाळीची रात्रपाळीही दणकट माणसालाच. भावकूला ते कौतुक वाटायचं. छाती फुगवून तो पुढं व्हायचा. हातावरचे भाजल्याचे डाग तो पावण्यांना दाखवायचा, पदकं दाखवावीत तसे. आज त्यानं काबरीचा पांढरा तुरा पुन्हा बघितला. या माणसानं आयुष्यभर केसानं गळा कापला आणि आपण मान पुढं करत राहिलो, असं वाटून त्याचे डोळे भरून आले. राग नागोजीचा जास्त की स्वतःचा, हे त्याला कळेना.

"मी बी उठलो न्हाय रं कवा," एवढंच तो म्हणाला. काबरीला बुट्टीत घालून तो बाहेर पडला.

घरच्या फाटकाशी तो थांबला. आतल्या साऱ्या कोंबड्या काबरीच्याच लेकी-नाती. पिसवा अंगावर घेऊन तिला आत कसं न्यायचं? मग तो बाहेरच, शेवग्याखालच्या दगडावर बसला. तिथंच टाकलेली चुलीतली राख होती, ती तिच्या पिसांत, पंखांखाली, मानेभोवती चोळली. बोटानं चोचीत पाणी सोडलं. थोडं गेलं, बाकीचं ओघळलं.

दिवस कलताना नागोजी आला. बुट्टीत चार पिल्लं चिवचिवत होती.

"तुझा वाटा आणलाय. एका कोंबडीपायी तोंड फिरवतोस व्हय? चल, च्या टाक."

नेहमीच्या सवयीनं त्यानं फाटकाच्या कडीला हात घातला.

"कडीला हात लावू नको," भावकू म्हणाला. आवाज चढलेला नव्हता. "बुट्टी ठेव आणि जा. तुझ्या अंगावर पिसवा असतील. आत माझ्या कोंबड्या हायत."

नागोजी हसायला गेला, पण भावकू हसत नव्हता. त्या फाटकाबाहेर नागोजी आजवर कधी थांबला नव्हता. त्यानं कडी सोडली आणि बुट्टी ठेवून गेला.

भावकूनं एकेका पिल्लाला राख लावली आणि काबरीजवळ सोडलं. तिनं डोळे उघडले नाहीत, पण पिल्लांचा आवाज ऐकून एक पंख उचलला. चारही पिल्लं आत शिरली. भावकूनं अंगावरचा टॉवेल काढून वाऱ्याच्या बाजूनं धरला आणि तसाच बसून राहिला.

थोड्या वेळानं पिल्लं एकेक करून बाहेर आली आणि त्याच्या पायांत ऊब शोधू लागली. काबरीचा पंख तसाच उघडा होता.