नवी गाडी येईपर्यंत

मी एक जुनी स्टेपनी आहे, मित्रांनो. जुनी वयाने, अंगाने पाहाल तर अजून कोरी करकरीत. नव्या टायरवर रबराचे बारीक केस असतात ना, ते माझ्या अंगावर अगदी परवापर्यंत जसेच्या तसे होते. कारण इतक्या वर्षांत मी रस्त्याला कधी टेकलेच नव्हते. डिकीत, कार्पेटच्या खाली, पडून राहायचे, एवढाच माझा संसार. तुम्ही म्हणाल, काय मजा आहे! आयते बसून राहायचे! पण खरे सांगू? मी सगळा जन्म भीत भीत काढला आहे.

आम्ही पाच भावंडे एकाच साच्यातून निघालो. चौघांना गाडीच्या चार बाजूंना जागा मिळाली आणि मला डिकीत. ते चौघे खड्डे, चिखल, ऊन खात झिजून केव्हाच गेले. त्यांच्या जागी दुसरे चार आले. दिवसभर धावून आले की ते आपापसांत रस्त्याच्या गोष्टी बोलायचे आणि मी खाली अंधारात कान देऊन ऐकायचे. रस्त्यावर खिळे असतात, काचा असतात, गतिरोधक असतात. ऐकूनच माझे रबर आकसायचे. एक दिवस आपल्यालाही जावे लागणार, आणि तो दिवस चांगला नसणार, हे मला कळत होते. कारण चांगल्या दिवशी स्टेपनीची आठवण कोणाला येते?

गाडी घरी आली तेव्हा माझे कौतुकही झाले होते. मालक तेव्हा तरुण होते, नुकतेच लग्न झालेले. त्यांचे चष्म्यांचे दुकान आहे. मित्र आले की ते डिकी उघडून कार्पेट उचलायचे आणि म्हणायचे, "बघा, स्टेपनीसुद्धा पूर्ण मापाची दिलीय!" पेट्रोल पंपावर हवा भरताना "पाचवीतही भरा हं" असे आवर्जून सांगायचे. त्या दिवशी मी टम्म फुगून घरी यायचे.

मग दुकान वाढले, मुलगी झाली, आणि डिकीत सामान साठू लागले. मुलीला घरात सगळे खारूताई म्हणतात, कारण ती हाताला लागेल ते कुठेतरी दडवून ठेवते. फुटकी बादली, रेनकोट, सायकलचा पंप, एका पायातला बूट, असे सगळे माझ्या डोक्यावर येऊन पडले. "ही डिकी आहे की भंगाराचं दुकान?" असे आजी रोज ओरडायच्या. माझ्यापर्यंत पोचायचे तर हा सगळा पसारा उपसायला हवा. कोण उपसणार? हवा चार चाकांतच भरली जाऊ लागली.

हवा कशी जाते ठाऊक आहे? कोणी टोचावे लागत नाही, मारावे लागत नाही. वॉल्वमधून थोडी थोडी, चोरपावलांनी ती निघून जाते. मला ते कळत होते. ओरडून सांगावे तर टायरला तोंड नाही.

अशातच घरात दुसऱ्या बाळाची चाहूल लागली. आजी, मालक, मालकीणबाई, खारूताई आणि आता बाळ! एवढी माणसे मावणार कशी? मोठी गाडी घ्यायचे ठरले. आम्हाला घेऊनच सगळे शोरूमला गेले. तिथला टाय लावलेला विक्रेता बोलायला लोण्यासारखा मऊ होता. मालकांना गाडीपर्यंत सोडायला आला तेव्हा म्हणाला, "सर, तुम्ही निश्चिंत राहा. बाळाच्या आधी गाडी तुमच्या दारात!" जुनी गाडी बदल्यात द्यायची, हेही तिथेच ठरले. जुनी गाडी म्हणजे आम्ही. मी डिकीत गारठले.

त्या दिवसापासून मालकांना एक नवा नाद लागला. नव्या गाडीचा प्रवास फोनवर दिसायचा. एक रेघ, तिच्यावर नोंदणी, बांधणी, तपासणी, रवाना, आगमन अशी ठाणी, आणि रेघेवर मुंगीएवढी गाडी. ती मुंगी सरकली का, हे मालक उठताबसता बघायचे. सिग्नलला थांबले की फोन, जेवून उठले की फोन.

"सोनोग्राफीकडेसुद्धा इतकं टक लावून बघितलं नव्हतं यांनी," मालकीणबाई म्हणायच्या.

मुंगी 'बांधणी'वर आली आणि तिथेच बसली. मालक फोन करायचे, पलीकडून उत्तर यायचे, "सर, होऊन जाईल. प्रोसेसमध्येच आहे." आजींना ते पटायचे नाही. "नव्याचे नऊ दिवस म्हणतात," त्या म्हणाल्या, "इथे नवं यायच्या आधीच नऊ महिने होत आले!"

मित्रांनो, घाबरण्याची गोष्ट पुढेच आहे. नवी येणार म्हटल्यावर जुनीकडे बघणेच बंद झाले. गॅरेजवाल्याने एकदा बजावले, "साहेब, पुढचे दोन्ही टायर पार गुळगुळीत झालेत. आजच बदला."

"अहो, थोड्या दिवसांसाठी कशाला? नवी येतेच आहे," मालक म्हणाले.

हे वाक्य मी पुढे इतक्या वेळा ऐकले की माझा थरकाप व्हायचा. वायपर तुटला, नवी येतेच आहे. ब्रेक कुरकुरले, नवी येतेच आहे. दूरचे स्पष्ट दिसते पण जवळचे दिसत नाही, असे गिऱ्हाईक मालकांच्या दुकानात रोज येते. आपणही त्याच रांगेत बसलो आहोत, हे त्यांच्या ध्यानात येत नव्हते.

मी मनाशी हिशेब मांडायचे. पुढचे टायर गुळगुळीत. ते फुटले तर माझी पाळी. आणि माझ्या पोटात हवा नाही. बाळाच्या आधी नवी गाडी आली तर सगळे निभावले. गाडीच्या आधी बाळ आले तर? नवी आली की मी परक्या हाती जाणार, हे मला माहीत होते. तरी अंधारात पडल्या पडल्या मी एकच धावा करायचे : ये ग बाई, लवकर ये.

एकदा वाटले, सुटले. जुन्या गाडीची किंमत ठरवायला शोरूमचा तपासनीस आला. त्याने दारे उघडली, बॉनेट उघडले, शेवटी डिकीतला पसारा बाजूला सारून कार्पेटही उचलले. कित्येक दिवसांनी उजेड दिसला. दाब ना रे बाबा, मी म्हणत होते, एकदा अंगठ्याने दाबून बघ! त्याने नुसती नजर टाकली. "स्टेपनी आहे," असे म्हणून हातातल्या कागदावर खूण केली आणि कार्पेट सोडून दिले. पुन्हा अंधार झाला. मी आहे एवढे त्याला पुरले.

शेवटी एका सकाळी मुंगी 'आगमन'पर्यंत पोचली. गाडी शोरूमच्या आवारात आली होती. आंघोळपांघोळ करून ती दोन-तीन दिवसांत मिळणार होती. मालक दुपारी जेवायला घरी आले तेच शीळ घालत. मीही कधी नव्हे ती निश्वास टाकणार होते. तेवढ्यात मालकीणबाईंचा आवाज आला.

"अहो, निघायला हवं."

"आत्ता? अगं, पण डॉक्टरांनी दिलेली तारीख तर..."

"बाळाला तारीख कळत नाही! चला!"

धावपळ उडाली. टॅक्सी बोलावू या, असे आजी म्हणाल्या. "ती येईपर्यंत आपण पोचूसुद्धा, गाडी दारात आहे ना," असे म्हणून मालकांनी चावी फिरवली. मागे मालकीणबाई आणि आजी, पुढे खारूताई. मोठ्या रस्त्यावर वाहने खोळंबलेली दिसली, तेव्हा मालकांनी गाडी कालव्याकाठच्या रस्त्याला घातली. तो रस्ता अरुंद, दुपारच्या वेळी सुनसान, एका बाजूला पाणी. मागच्या सीटवरून कण्हणे ऐकू येत होते. हळू चला, हळू, असे मी चारी चाकांना विनवत होते.

फट्ट!

गाडी डोलली, पाण्याच्या बाजूला खेचली गेली आणि कडेच्या दगडाला घासून थांबली. पुढचा उजवा टायर फाटून लोंबत होता. मग मालक उतरले, डिकी उघडली आणि बादली, बूट, रेनकोट भराभर बाहेर फेकू लागले. कार्पेट उडाले. लख्ख ऊन माझ्या अंगावर पडले. मालकांनी मला दोन्ही हातांनी उपसून रस्त्यावर ठेवले आणि त्यांचा अंगठा माझ्या कुशीत रुतला.

"हिच्यात हवाच नाही," ते म्हणाले. त्यांचा आवाज मला ओळखू आला नाही.

इतकी वर्षे जिची भीती बाळगली, ती वेळ ही अशी आली होती.

"वा रे वा!" आजी गाडीतून कडाडल्या. "तहान लागल्यावर विहीर खण आता!"

मालकांनी फोन करून ॲम्ब्युलन्स बोलावली. ती निघाली. फोनवर तिचाही ठिपका दिसू लागला. आणि काय सांगू, मालक सवयीने त्या ठिपक्याकडेच बघत उभे राहिले! ठिपका मोठ्या रस्त्यावरच्या कोंडीत अडकला, हलेना. एक मोटारसायकलवाला थांबला, हळहळला, पण कळा सुटलेल्या बाईला तो नेणार कशावर? तोही गेला.

"तो फोन ठेव आधी!" आजी म्हणाल्या. "बघून कोणी येत नसतं!"

"बाबा, माझा सायकलचा पंप!" खारूताई ओरडली. रस्त्यावर पसरलेल्या भंगारातून तिने तो शोधून काढलाही. कित्येक महिने तो माझ्या उशालाच पडून होता, मित्रांनो.

मालकांनी नळी जोडली आणि पंप मारायला सुरुवात केली. सायकलचा पंप तो, मोटारीच्या टायरला कितीसा पुरणार? मालक दमले की खारूताई दोन्ही हातांनी लोंबकळायची, ती दमली की मालक. पंप तापून चटके बसू लागले. हवा आत येत होती आणि माझा जीव जात होता. माझे रबर कोरे असले तरी वयाने ते कडक झाले आहे, त्याला बारीक भेगा आहेत. कुठे उकलले तर? आतून कुस्करले तर? आजवर कोणाचे ओझे कधी उचलले नव्हते, आणि पहिल्याच खेपेला दोन जिवांची बाई!

"अहो," मागून मालकीणबाईंचा आवाज आला. घामाने निथळत होत्या, सीटचे कापड मुठीत धरले होते. "त्या ॲपमध्ये बघा ना... बाळ कुठपर्यंत आलंय ते!"

मालक पंप मारता मारता हसले. आणि हसता हसता ढसाढसा रडले. "चुकलो ग," एवढेच म्हणाले. हात मात्र थांबवला नाही.

अर्ध्याहून थोडी अधिक भरले, तशी त्यांनी मला चढवले. जॅक उतरला. गाडीचे सगळे वजन अंगावर आले आणि मी दबले, पण बसले नाही. मग चाक फिरले. तो माझा पहिला रस्ता. प्रत्येक खडा मला खिळा वाटत होता. अंगावरचे ते कोरे केस तुटून जात होते. मालक अगदी हळू चालवत होते आणि दर वळणाला खिडकीतून डोके काढून माझ्याकडे बघत होते, नुसते माझ्याकडे. फोन सीटखाली कुठेतरी वाजत होता.

दवाखान्याच्या दारात पोचलो. परिचारिका खुर्ची घेऊन धावल्या. माझ्यातली हवा पुन्हा उतरायला लागली होती. उतरू दे, म्हटले. वर कुठूनतरी बाळाचे रडणे ऐकू आले तेव्हा खारूताई माझ्याशेजारी पायरीवर बसली होती. ते आपलेच बाळ, असे तिने ठरवून टाकले. तसेच निघाले. तिला भाऊ झाला होता.

पुढे शोरूममध्ये नवी गाडी मिळाली. मालकांनी तिथे पहिल्यांदा काय केले असेल? डिकी उघडली. "स्टेपनी कुठंय?"

"सर, या मॉडेलला स्टेपनी नसते. पंक्चर बुजवायच्या औषधाची बाटली आणि छोटा पंप मिळतो," विक्रेता म्हणाला.

"म्हणजे विहीर नाहीच, नुसता पोहरा!" आजी पुटपुटल्या. खारूताईने कोणाला न विचारता आपला सायकलचा पंपही तिथे नेऊन ठेवला.

मग मालक आमच्याकडे आले. आदल्या दिवशीच त्यांनी पुढचे दोन्ही टायर बदलून मला परत डिकीत ठेवले होते. आता शोरूमच्या कोपऱ्यातली हवेची नळी ओढत आणून त्यांनी मला पूर्ण मापाने भरले.

"सर, गाडी आता आमची झाली. तुम्ही कशाला हात काळे करता?" विक्रेत्याने विचारले.

"पुढे ज्यांच्याकडे जाईल," मालक म्हणाले, "त्यांनाही कधी घाई असेल." त्यांनी अंगठ्याने मला दाबून पाहिले. अंगठा रुतला नाही. मग कार्पेट पसरून त्यांनी डिकी हलकेच लावली.

आता मी शोरूमच्या मागच्या आवारात जुन्या गाड्यांच्या रांगेत आहे. माणसे येतात, हॉर्न वाजवतात, गाणी लावून बघतात, रंगावर हात फिरवतात. कार्पेट अजून कोणी उचललेले नाही. मी कोणाच्या घरी जाणार, तिथे कोण आजारी असेल, कोणाला कुठे वेळेवर पोचायचे असेल, या विचाराने माझी झोप उडते.

मित्रांनो, तुमच्या घरी गाडी असेल तर आजच डिकीतले सामान काढा, कार्पेट उचला आणि खालच्या चाकाला एकदा अंगठ्याने दाबून बघा. आम्हाला हाक मारता येत नाही. आज मी पूर्ण भरलेली आहे. पण हवा जायला लागली आहे, थोडी थोडी. आवाज येत नाही.