पांढऱ्या तंबूवाल्यांचा कळप

मित्रांनो, मी हिरव्या पुठ्ठ्याची एक जुनी कामाची पुस्तिका आहे आणि माझ्यात एक ओळ चुकीची आहे. ती तीस वर्षं माझ्या अंगावर होती, पण मला पत्ता नव्हता. कागदाला आपल्यावर काय लिहिलंय ते वाचता येत नाही. कुणी मोठ्याने वाचलं तरच त्याला कळतं.

आमच्या नारीन मुलखाच्या डोंगरात सामुदायिक शेती होती आणि मेंढ्याही सगळ्यांच्या मिळून होत्या, तेव्हा प्रत्येक कामकऱ्याला माझ्यासारखी एक पुस्तिका मिळे. कोण कधी कामाला लागलं, कुणाच्या हाताखाली, कधी सुटलं, एवढंच आमच्यात लिहायचं. माझी मालकीण बुरुलचा. तेव्हा ती नवी सून होती आणि सासरे राखत त्या कळपावर राबायची. वसंतात मेंढ्या व्यायल्या की ओली कोकरं कोटाच्या आत घालून तंबूत आणायची.

नोंद करायला शहरातून एक कारकून आला. "कुणाच्या कळपावर?" त्याने विचारलं.

आमच्याकडे सून सासऱ्याचं नाव तोंडातून काढत नाही. बुरुलचा मान खाली घालून म्हणाली, "पांढऱ्या तंबूवाल्यांच्या."

पांढरा तंबू म्हणजे आमच्या बोलीत अक-उय. सासरे त्या तंबूत राहत, म्हणून ती त्यांना तसंच म्हणे. कारकून परमुलखातला. त्याने शेवटी 'एव' जोडून त्याचं आडनाव करून टाकलं, 'अकुयेव', आणि शिक्का मारून पुढच्या कुरणाकडे निघून गेला. लिहिताना तो ते ओठांत पुटपुटला, म्हणून माझ्या कानी आलं. मला वाटलं, असेल कुणी अकुयेव. भला माणूस असावा. आमची गाठ पडली नाही एवढंच.

बावीस वर्षं ती राबली. एका वर्षी कळपाची वाहवा झाली, तेव्हा 'उत्तम कामाबद्दल कापडाचा तागा' अशीही ओळ माझ्यात आली. ती वाचून दाखवली तेव्हा बुरुलचा लाजली होती. मग सामुदायिक शेती मोडली, मेंढ्या वाटून घेतल्या गेल्या आणि मी पेटीत, दुलयांच्या चळतीखाली जाऊन पडले. सासरे गेले, नवराही गेला. माझी आठवण कुणाला राहिली नाही.

चौपन्नाव्या वर्षी बुरुलचा घोड्यावरून पडली आणि तिचा खुबा मोडला. तेव्हा कुठे मला शोधायला सगळ्या दुलया जमिनीवर आल्या. सून गुलसूनने मला पदराआड धरावं तसं कोटात घेतलं आणि दोघी पेन्शनच्या कचेरीत येऊन बाकावर बसल्या.

"आपा, डॉक्टरांनी तुम्हाला अपंगत्वाचा तिसरा गट दिलाय," गुलसून म्हणाली. "दुसरा मिळायला हवा होता."

"तिसरा म्हणजे जास्त नाही का?"

"उलटं आहे. आकडा मोठा तर दुखणं लहान."

"मग त्यांनी 'कशा आहात' विचारलं, तेव्हा 'बरी आहे, देवाची कृपा' म्हटलं ते चुकलं?"

"चुकलंच. पाहुणचाराला गेला होतात का तिथे?"

बुरुलचाने बोटांवर वर्षं मोजली. "आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी म्हातारपणाचं सुरू होतं म्हणे. ते निराळं?"

"निराळं. पण दोन्ही नाही मिळत, एकच घ्यायचं."

"मग आत्ता मी कोण, अपंग की म्हातारी?"

"आत्ता अपंग. म्हातारी व्हायला चार वर्षं आहेत."

"बरं झालं सांगितलंस. सकाळी उठताना मला वेगळंच वाटत होतं."

मलाही काही उमगत नव्हतं. माणूस एक, खुबा एक आणि खिडक्या मात्र तीन: अपंगांची, म्हाताऱ्यांची आणि गरिबांची.

अपंगांच्या खिडकीत तिनारा नावाची बाई होती. तिने माझी पानं उलटली, आतल्या खोलीत जाऊन आली आणि म्हणाली, "आपा, हा अकुयेव कोण? पगाराच्या वह्यांत या नावाचा मेंढपाळच नाही. तुमची बावीस वर्षं सापडत नाहीत."

मीच गांगरले. मग माझ्यात होता तो कोण?

बुरुलचाने तिला ती ओळ पुन्हा वाचायला लावली. 'अकुयेव'मधलं अक-उय ऐकून बुरुलचाचे कान लाल झाले. "पोरी, ते माझे सासरे."

"मग त्यांचं नाव सांगा."

बुरुलचाने मान खाली घातली. गुलसून हळूच म्हणाली, "त्यांना नाही घेता येत. मलाही नाही, माझे आजेसासरे ते."

रांगेतला एक म्हातारा वैतागला. "अहो आपा, मेलेल्या माणसाला काय ऐकू जातंय?"

"तुझी सून घेते का तुझं नाव?" बुरुलचाने मागे न बघताच विचारलं. रांग हसली.

तिनारा हसली नाही. "मीही सून आहे, आपा. पण वहीत पांढरा तंबू कसा शोधू? नाव नाही तर नोकरीची वर्षं नाहीत. मग नुसती गरिबांची मदत मिळेल. तेवढ्यात हिवाळ्याचा कोळसासुद्धा यायचा नाही."

बुरुलचाने खिडकीतल्या पेनाकडे पाहिलं. मग म्हणाली, "लिहून दिलं तर?"

पन्नाशीत नातीच्या पुस्तकावरून ती अक्षरं शिकली होती. गुलसूनने पाठ फिरवली. बुरुलचाने डोक्यावरचा रुमाल पुढे ओढून कागदावर आडोसा केला आणि एकेक अक्षर काढलं. मध्येच थांबली, कुणी रागावतंय का याची चाहूल घ्यावी तशी. मग कागद काचेखालून सरकवला. "मोठ्याने वाचू नकोस."

तिनाराने ओठ न हलवता वाचलं आणि आत गेली. परत आली तेव्हा तिच्या बाह्यांना धूळ लागली होती.

"कळप सापडला. त्यांच्याखाली दर महिन्याला तुमचं नाव आहे, बावीस वर्षं. अपंगत्वाचं पेन्शन लागेल. चार वर्षांनी पुन्हा या."

"म्हातारी म्हणून?"

"हो आपा, म्हातारी म्हणून."

दारापाशी बुरुलचा थांबली. भिंतीकडे तोंड करून, मोडका खुबा सांभाळत, सासऱ्यांसमोर सून वाकते तशी वाकली. तिथे कुणीच नव्हतं.

मित्रांनो, घरातल्या वडीलधाऱ्यांचे कागद पेटीतून आजच काढा आणि त्यांच्यासमोर बसून मोठ्याने वाचा. चूक कुठे आहे ते त्यांनाच कळेल आणि ती कशी झाली हेही तेच सांगू शकतील.

माझ्यात आता दुरुस्तीची चिठ्ठी चिकटवली आहे. खरं नाव तिच्यावर आहे. ते मी तुम्हाला सांगणार नाही. मीही त्याच घरातली आहे.