तिठ्यावर टाकलेली बाहुली

मित्रांनो, मी एक जुनी, चिंध्यांची बाहुली आहे आणि खरं सांगायचं तर आता फार थकले आहे. नांदेडच्या दामिनी मॅडमनी जुन्या लुगड्यातून मला शिवलं. मॅडम मानसशास्त्रज्ञ आहेत. मारामारी, जाळपोळ झालेल्या गावांत जाऊन त्या घाबरलेल्या लेकरांजवळ बसतात. मोठ्यांना जे सांगता येत नाही, ते लेकरं माझ्या कानात सांगतात. काही मला कवटाळतात, काही बदडून काढतात. माझा एक हात पाचदा शिवलाय. तक्रार नाही, पण अंग ठणकतंच की!

मुदखेडजवळच्या एका गावात सात वर्षांची साक्षी होती. दोन गटांच्या भांडणात तिच्या डोळ्यांदेखत बापाचं डोकं फुटलं. बाप बचावला, पण पोरीचं बोलणं बंद झालं. दोन महिने एक शब्द नाही. मॅडम दर बुधवारी एसटीने यायच्या. शेवटी त्यांनी मला तिच्याजवळच ठेवलं. ती माझं तोंड फडक्याने गच्च बांधायची आणि मला कुशीत घेऊन बसायची. मॅडम म्हणाल्या, बांधू द्या, तीच सोडेल.

तिची आजी कस्तुराबाई जीव लावणारी, पण धीर तरी किती धरणार? तोंड बांधलेली बाहुली बघून तिला वाटलं, हिच्यापायीच नातीची वाचा बसली. अमावास्येला तिने मला साक्षीवरून ओवाळलं आणि लिंबासोबत तिठ्यावर टाकलं. तिठ्यावरचं कोणी उचलत नाही, हे तुम्हाला ठाऊकच आहे. लोक मला वळसा घालून जायचे. इतक्या लेकरांचं भ्या पोटात घेतलं, त्याचं हे फळ! मला फार वाईट वाटलं.

मला मागाहून कळलं, बुधवारी मॅडमनी बाहुली कुठंय विचारलं. आजीने सांगून टाकलं. मॅडम रागावल्या नाहीत. साक्षी मात्र उठली आणि तिठ्याकडे पळाली. हात लावू नको म्हणत आजी मागे धावली. पोरीने मला उचललं, तोंडाचं फडकं सोडलं.

"आज्जे, हिला फेकू नको," ती म्हणाली. "ही लई भ्याली हाय."

कस्तुराबाई तिथेच धुळीत बसून रडली. मग तिने घरी नेऊन माझा उसवलेला हात पाचव्यांदा शिवला.

मित्रांनो, साक्षी आता बोलते आणि तिनेच मला मॅडमकडे परत दिलं. पुढच्या बुधवारी दुसरं गाव आहे. थकले तरी जाईन. तुमच्या वर्गात एखादं लेकरू गप्प झालं असेल, तर बोल बोल म्हणून त्याच्या मागे लागू नका. त्याला एकटं मात्र टाकू नका.