अर्धंच ऐकू आलं

मी आजीच्या उजव्या कानात बसणारं श्रवणयंत्र बोलतोय. बोलणं हे खरं तर माझं काम नव्हे. जन्मभर मी दुसऱ्यांचं बोलणं पोचवलं. पण मधे एकदा माझ्यावर खोटा आळ आला आणि तो मी निमूटपणे सोसला. आता माझे दिवस भरत आलेत, तेव्हा झालं ते सांगून टाकतो.

माझा जन्म एका कारखान्यात झाला. भिंगातून बघत, श्वास रोखून काम करणाऱ्या बायकांनी मला जोडलं. मी जेमतेम शेंगदाण्याएवढा. तिथून एका कानाच्या डॉक्टरांकडे आलो. त्यांच्याकडच्या ताईंनी आजीच्या कानात मऊ लगदा भरला, तो घट्ट झाल्यावर अलगद काढला आणि त्याच आकाराचा साचा माझ्या अंगाला जोडला.

"घट्ट नाही ना होत?" ताईंनी विचारलं.

"नाही हो. नवरासुद्धा इतका बरोबर बसला नव्हता," आजी म्हणाली. मी ऐकलेलं पहिलं वाक्य ते.

मला डोळे नाहीत, हे ध्यानात असू द्या. मी सांगतोय ते सगळं ऐकीव आहे, पण ऐकीव असूनही खरं आहे.

आजीने तीस वर्षं टेलिफोन एक्स्चेंजमध्ये काढली होती. दिवसभर डोक्याला इअरफोन लावून "थांबा, जोडून देते" म्हणायचं. त्या कामाने तिचे कान खाल्ले, पण जाता जाता एक देणगीही दिली. नुसत्या "हॅलो"वरून तिला कळायचं, की समोरचा खुशीत आहे, त्याच्या घरी कोणी गेलंय, की तो आता थाप मारणार आहे.

घरात चार माणसं. आजी, तिचा मुलगा, सून आणि नात. मुलगा एका कंपनीसाठी इमारतींचे नकाशे काढायचा. लोकांसाठी प्रशस्त घरं आखणाऱ्या या माणसाला स्वतःचं भाडं झेपत नव्हतं. सून दातांच्या दवाखान्यात मदतनीस होती. नात सात वर्षांची. चुरुचुरु बोलायची म्हणून आजीने तिचं नाव टिचकी ठेवलं होतं. आजीची स्वतःची एक खोली होती शहराच्या दुसऱ्या टोकाला, पण चौघांनी पाय पसरले तर भिंतीला लागतील एवढीच.

घरमालकाने तिसऱ्यांदा भाडं वाढवलं, तेव्हा एका दुपारी स्वयंपाकघरात मुलगा-सुनेचं बोलणं चाललं होतं. आजी बाहेरच्या खोलीत पडली होती. ती झोपताना मला काढून ठेवते, असा त्यांचा समज. त्या दिवशी काढायचं राहिलं होतं.

"तिकडे याच पगारात माणसासारखं राहू," मुलगा म्हणाला. "माझं काम काय, कुठूनही होतं. एक खोली टिचकीला, एक आईला. गॅलरीसुद्धा आहे."

"तिथे राहायच्या परवान्यासाठी बँकेत मोठी रक्कम दाखवावी लागते म्हणालास ना? ती कुठून आणायची?"



"आईची खोली," मुलगा म्हणाला. "पण मी तिला विचारणार नाही. माझ्याच्याने होणार नाही."

संध्याकाळी चहाच्या वेळी आजीनेच विषय काढला. "माझी ती खोली नुसती धूळ खातेय. विकून टाक. काही कामाला तरी येईल." सुनेच्या हातातला कप बशीवर आपटला तेवढा ऐकू आला. भिंतींना कान असतात म्हणतात. आमच्याकडे कानाला मी होतो, एवढाच फरक.

असे आम्ही परदेशात आलो. शिकायला नाही की पैसा करायला नाही, नुसतं स्वस्तात जगायला.

घर खरोखरच मोठं होतं. बोललं की आवाज घुमायचा. पण दुरून डोंगर साजरे, हे जवळ गेल्यावर कळतं. भिंतींना बारा महिने ओल. माझ्या पोटातही दमट हवा शिरून मी खरखरायचो, म्हणून सून मला रोज तांदळाच्या डबीत ठेवायची. तिचा इतक्या वर्षांचा अनुभव तिथे कोणी धरला नाही. तिथला दाखला हवा, त्यासाठी तिथली परीक्षा हवी. ती एका हॉटेलात चादरी धुण्याच्या, घड्या करण्याच्या कामाला लागली. मुलाची कंपनी जुन्याच देशातली, त्यामुळे त्याचं घड्याळ जुन्या देशाचं आणि पोट नव्या देशाचं. घर झोपलेलं असताना तो दार लावून काम करायचा आणि घर कामाला लागलं की झोपायचा.

आजीचं तर विचारूच नका. मी तिच्या कानात रस्ता, दुकान, जिना, सगळं स्वच्छ पोचवत होतो, पण त्यातला एक शब्द तिला कळत नव्हता. जिन्यात खालच्या मजल्यावरची बाई रोज काहीतरी म्हणायची. आजी हसून मान हलवायची.

"ती काय म्हणते गं रोज?" तिने एकदा टिचकीला विचारलं.

टिचकीने आधी आढेवेढे घेतले. मग म्हणाली, "ती म्हणते, तुमच्यासारखे लोक येतात म्हणून आमचं भाडं वाढतं."

त्यानंतर जिन्यात आजी पाय लवकर उचलायला लागली.

टिचकी मात्र वर्षाच्या आत ती भाषा चुरुचुरु बोलायला लागली. मग काय, वीज गेली की टिचकी, नळवाला आला की टिचकी, औषधाच्या दुकानात टिचकी. बाप कौतुकाने म्हणायचा, "आमची दुभाषी." आपण पोरीच्या खांद्यावर काय ठेवतोय, हे कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही आलं नाही.

दोन वर्षांनी परवान्याची मुदत वाढवायची वेळ आली. टिचकी तेव्हा नऊ वर्षांची. सुनेने सकाळीच माझ्यात नवा सेल घातला. "आई, आज नीट ऐकू यायला हवं," असं म्हणून मला स्वतः कानात बसवलं आणि ती कामावर गेली. बाकी तिघं परवाना कार्यालयात गेली. तिथे सरकारी दुभाषी मिळतो, पण त्याची वेळ आधी घ्यावी लागते, आणि टिचकी असताना कशाला, असा हिशेब. दोन खिडक्यांवर एकदम नंबर लागला. मुलगा स्वतःचे, सुनेचे आणि टिचकीचे कागद घेऊन एका खिडकीशी गेला. "तू आजीबरोबर जा, काय म्हणतात ते नीट ऐक," असं त्याने टिचकीला सांगितलं.

आमच्या खिडकीतली बाई बराच वेळ बोलली. आवाज वाईट नव्हता, थकलेला होता. मी तिचं अक्षर न् अक्षर पोचवलं. हळूहळू टिचकीचा आवाज बारीक होत गेला. तिने एकदा काही विचारलं, बाईने तेच पुन्हा सांगितलं, सावकाश. मग कागद सरकवल्याचा आवाज झाला.

"काय म्हणाल्या?" आजीने विचारलं.

"ठीक आहे म्हणाल्या."

त्या आवाजात 'ठीक' नव्हतं, हे तीस वर्षं फोन जोडलेल्या बाईला कळणार नाही? ती पोरीला कोपऱ्यातल्या बाकावर घेऊन गेली.

"टिचके, इकडे बघ. खरं काय ते सांग."

मग रडण्याचा आवाज. "म्हणाल्या, तू म्हातारी आहेस म्हणून तुझा विमा कोणी उतरवत नाही. विमा नाही तर तू इथे राहायचं नाही. परत जायचं." हुंदका. "आणखी पण काहीतरी म्हणाल्या. तो शब्द मला नाही कळला. आजी, बाबांना सांगू नकोस ना. सांगितलं की ते तुला पाठवतील."

आजीने तिची पाठ थोपटली. परत जायचं म्हणजे कुठे? खोली तर विकलेली. मुलगा आधीच पिचलेला, सुनेला कालपरवा जरा बरं काम मिळालेलं. आणि खरं सांगू का, तिलाही जायचं नव्हतं. पोरीच्या तोंडून आपल्या मनातलंच ऐकू आलं, की माणूस फार चौकशी करत नाही.

"तो कागद माझ्याकडे दे," ती म्हणाली. "योग्य वेळ आली की मीच सांगेन बाबाला."

पर्सची चेन ओढल्याचा आवाज आला. तेवढ्यात मुलगा आला. "झालं का? काय म्हणाल्या?"

"आजीचं परवान्याचं कार्ड पोस्टाने येईल," टिचकी म्हणाली.

योग्य वेळ काही आली नाही. ती कधी येत नसतेच. दीड महिन्याने पोस्टाने आलं ते दुसरं पत्र. मुलाने एका वकिलाला फोन लावला, दोघांनाही मोडकीतोडकी येणाऱ्या तिसऱ्याच भाषेत बोलला आणि मग फोन ठेवून आम्हाला सांगायला लागला. त्याचा आवाज सपाट झाला होता.

"पहिल्या पत्रात तीस दिवस दिले होते. अपील करायला. डॉक्टरांचा दाखला आणि माझं हमीपत्र जोडलं असतं, तर वकील म्हणतो, दहातल्या नऊ जणांचं मान्य होतं. ते तीस दिवस गेले. आता चौदा दिवसांत आईने देश सोडायचा. आणि मुदत पाळली नाही म्हणून पाच वर्षं परत यायचं नाही." तो थांबला. "पण पहिलं पत्र कुठलं? आपल्याला पहिलं पत्र आलंच नाही."

टिचकीला न कळलेला शब्द 'अपील' हा होता. तिसरीच्या पुस्तकात तो कुठून असणार?

"टिचकी," बाप म्हणाला. "त्या दिवशी बाईंनी काही कागद दिला होता?"

आजीच्या शेजारी एक बारीक श्वास अडकला. तो मी ऐकला. आजीनेही ऐकला.

"दिला होता. माझ्याकडे आहे," आजी म्हणाली. "पोरीने मला तिथेच सगळं सांगितलं होतं. तीस दिवस, अपील, सगळं. हा कागद बाबाला द्यायचा, म्हणाली होती. पण त्या दिवशी माझं हे यंत्र बंद होतं रे. मला अर्धंच ऐकू आलं. मला वाटलं, जपून ठेवायचा कागद आहे, कार्ड मागून येईल; तसं तुला सांग म्हणून पोरीला मीच सांगितलं. ठेवला जपून."

मी? बंद? त्या दिवशी मी चाललो तसा जन्मात कधी चाललो नव्हतो.

"बंद कसं असेल?" मुलगा म्हणाला. "त्या दिवशी सकाळी सेल घातला होता ना हिने?"

आता सगळं सुनेवर होतं. तिच्या कपड्यांच्या घड्या चालल्या होत्या, तो आवाज थांबला. सासूचं आणि तिचं कधी भांडण नव्हतं आणि कधी फार गूळपीठही नव्हतं.

"नाही," ती म्हणाली. "घालायचा राहिला. घाईत होते मी. दुसऱ्या दिवशी घातला." आणि ती स्वयंपाकघरात गेली. नळ सुटला, तो बराच वेळ चालू राहिला.

अशा तऱ्हेने तिघींनी मिळून सगळं माझ्यावर ढकललं. मी काही बोललो नाही. पोरीच्या माथ्यावर जन्मभराचं ओझं येण्यापेक्षा शेंगदाण्याएवढ्या यंत्रावर आलेलं बरं.

मुलगा मात्र आईशी कामापुरतंच बोलायला लागला. चौदा दिवस तसेच गेले. विमानतळावर एवढंच म्हणाला, "एकदा मला विचारायचं तरी होतंस."

"चुकलं माझं," आजी म्हणाली. "बॅगेत औषधं ठेवलीयेस ना माझी?" मग त्याचा आवाज फुटला. टिचकीने आजीला मिठी मारली, तेव्हा मी दोघींच्या मधे दाबला गेलो आणि शिट्टी वाजवली. असं दाबलं की मी शिट्टी वाजवतो, माझा इलाज नसतो.

सगळ्यांनी परतणं शक्य नव्हतं. जुन्या शहरातली भाडी मधल्या काळात आणखी चढली होती. स्वस्तात राहायला गेलेल्यांना परतायचं भाडं परवडत नाही, हे जाताना कोणी सांगत नाही.

आता आम्ही वृद्धाश्रमात असतो. खोलीत तीन खाटा. एक बाई दिवसभर मुलाला हाका मारते, दुसरी तिला गप्प बस म्हणते. दर रविवारी सकाळी मुलाचा फोन येतो. पहिल्या वर्षी टिचकी तासभर बोलायची. दुसऱ्या वर्षी "आजी, त्याला काय म्हणतात गं आपल्यात?" असं दर वाक्याला अडायला लागली. आता ती बारा वर्षांची आहे. "मी बरी आहे. शाळा बरी आहे. तू बरी आहेस?" इथे तिचं मराठी संपतं.

गेल्या रविवारी ती फोनवर एकटीच होती. "आजी, मला सांगायचं आहे," म्हणाली. "तेव्हा, त्या ऑफिसात, मी..." पुढचा शब्द सापडेना. दोनदा प्रयत्न केला. मग बांध फुटावा तशी ती त्या दुसऱ्या भाषेत बोलायला लागली, भरभर, रडत, न थांबता. मी जीव तोडून एकेक अक्षर पोचवलं. माझा सेल संपत आला होता, तरी मी तग धरला. आम्हा दोघांनाही त्यातलं काही कळलं नाही.

आजीने मधे तोडलं नाही. पोर थांबली, नाक ओढल्याचा आवाज आला. आजीने जरा वाट पाहिली.

"जेवलीस का?" तिने विचारलं.

"हो," टिचकी म्हणाली.

उद्या कोणा दानशूर माणसाने दिलेलं मोठं यंत्र येणार आहे. आजीचे कान आता माझ्या ताकदीपलीकडे गेलेत. मी खणात जाईन. तक्रार नाही.

एक विनंती तेवढी करतो. स्वस्ताई शोधत दूर जायचं असेल तर जा, पोटासाठी सगळेच कुठे ना कुठे जातात. पण मोठ्यांच्या खिडकीपाशी लहान पोराला उभं करू नका. तिथे जे सांगतात, ते ऐकायला मोठा कान लागतो आणि सोसायला मोठी छाती. ती दोन्ही तुमच्याकडे आहेत. त्या पोरीकडे नव्हती.

बास. आता सेल काढा माझा.