साहेबांच्या खुर्चीतला कोट

मी कोट बोलतोय. राखाडी, चार बटणांचा, कोपरांवर झिजलेला. साहेब आता माझ्यात नाहीत, म्हणून तर बोलतोय.

माझा जन्म याच शिवणखान्यातला, उरल्यासुरल्या कापडातून. शिक्षण म्हणाल तर खिशातल्या चिठ्ठ्या वाचण्यापुरतं. पण नोकरी लागली ती थेट सुपरवायझरच्या अंगावर. नशीब लागतं, बाबांनो!

साहेबांची खोली काचेची, खुर्चीची पाठ कारागिरांकडे. जेवण झालं की साहेब मला खुर्चीच्या पाठीवर चढवायचे, वर टोपी ठेवायचे आणि मागच्या दाराने गोदामात जाऊन कापडाच्या गठ्ठ्यांवर आडवे व्हायचे. मालकीणबाईंचा फोन आला की डोळे चोळत सांगायचे, "काळजी नको बाई, सगळं माझ्या देखरेखीखाली आहे."

देखरेख करायचो मी. आणि चोख, बरं का! कोणी मान वर करायचं नाही. इस्त्रीवाला तर माझ्या पाठीला घाबरून जांभईसुद्धा गिळायचा. मला डोळे नाहीत, हे कुणाच्या ध्यानातच आलं नाही. डोळेवाल्या साहेबांनी तरी असं काय बघितलं होतं म्हणा!

साहेबांचा नियम एकच. आत यायचं नाही, काय ते काचेबाहेरून विचारायचं.

एकदा शाळेच्या गणवेशाचं काम आलं. दोनशे शर्ट. बाह्या जोडणाऱ्या मावशी हातातली जोडी बघून थबकल्या. कापणाऱ्याने कापड उलटवलंच नव्हतं. झाडून सगळ्या बाह्या डाव्या हाताच्या.

मावशी काचेशी आल्या. "साहेब, दोन्ही डाव्याच आल्यात. तशाच जोडू का?"

पंखा फिरत होता. माझी बाही हलली.

"जोडा म्हणतायत."

"मावशी, नीट विचारा की," इस्त्रीवाला पुटपुटला.

"मग जा, तूच विचार. मोठा आलाय शहाणा!"

तो कसला जातोय! संध्याकाळपर्यंत दोनशे शर्ट तयार.

दुसऱ्या दिवशी दुपारी मालकीणबाई न सांगता आल्या. साहेब गोदामातून धावत आले, मी राहिलो खुर्चीत. बाईंनी शर्ट उचलला. उजवा खांदा बोचक्यासारखा फुगलेला.

"हे कुणाला विचारून केलंत?"

"साहेबांना. हात हलवून जोडा म्हणाले," मावशी म्हणाल्या.

"मी? बाई, ही धडधडीत खोटं बोलतेय. आजच काढा हिला!"

मावशींचा चेहरा पांढराफटक. अठरा वर्षांची नोकरी, घरात दुसरं कमावणारं कोणी नाही. तेवढ्यात इस्त्रीवाल्याने चक्क मान वर केली. "मीही पाहिलं, बाई. साहेब काल दुपारभर खुर्चीतच होते."

"होतात ना?" बाईंनी साहेबांना विचारलं.

साहेब डोळे चोळायला लागले. हो म्हणावं तर शर्ट गळ्यात, नाही म्हणावं तर गोदामातली झोप उघडी. बाई इस्त्रीवाल्याला म्हणाल्या, "दाखव बरं, कसे बसले होते?"

त्याने काचेकडे बोट केलं. "असेच... आत्ता बसलेत ना, तसेच!"

मी बाईंना हात केला. माझा काय दोष? पंखा चालूच होता. सगळा शिवणखाना पोट धरून हसला. बाई तेवढ्या हसल्या नाहीत.

आज मी खिळ्यावर लटकलोय. समोर साहेब उजव्या खांद्यांच्या बाह्या उसवताहेत, दोनशे. देखरेखीला मावशी आहेत. त्या बसत नाहीत, टेबलाटेबलाशी फिरतात. "साहेब, कापड फाटेल हं, सावकाश," असं अगदी आदराने सांगतात.

तर मंडळी, तुमच्या वरही कुणीतरी काचेमागे बसलेलं असेलच. एकदा दार लोटून बघा. माणूस निघाला तर चहा विचारा. कोट निघाला तर माझा नमस्कार सांगा.