नाव घ्यायचं राहिलं

इतवारीभाऊंनी झाडीपट्टीच्या नाटकांत चाळीस वर्षं खलनायक, सासरे आणि बेरकी पुढारी केले. पण साकोलीपासून तुमसरपर्यंत लोक त्यांना तोंडावरून नाही, आवाजावरून ओळखतात. दिवाळीनंतर गावोगाव मंडईची जत्रा भरली की ऑटोवरच्या भोंग्यातून नाटकाची जाहिरात गावभर फिरते, तो आवाज त्यांचा. तुमसरच्या माझ्या खोलीत मीच ती रेकॉर्ड करतो. जमीनदार, त्याचा गडी आणि रडणारी म्हातारी, तिघेही एकटे इतवारीभाऊच.

यंदा तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यानं घात केला. घशाचा कॅन्सर निघाला. नागपूरचे डॉक्टर म्हणाले, सोमवारी स्वरयंत्र काढावं लागेल, तोवर बोलणं कमी करा.

इकडे माझ्या सहा जाहिराती अडलेल्या. माणसानं किती हावरं असावं? मी सरळ एकोडीला त्यांच्या घरी गेलो.

काचबिंदूनं त्यांच्या बायकोची, दुर्गाभाभींची नजर जाऊन चार वर्षं झालेली. त्या म्हणाल्या, "घेऊन जा यायले, राजकुमार. पन माह्यं एक काम हाये. लगन झाल्यापासून यायनं मले एक डाव बी नावानं हाक नाही मारली. आता आवाजच जाऊन राहिला."

आमच्याकडे नवरा बायकोचं नाव घेत नाही. भाऊ त्यांना 'प्रवीणची माय' म्हणत. स्टेजवर शंभर बायकांना नावानं बोलावलेला हा माणूस माझ्यासमोर नव्या नवरदेवासारखा लाजला.

"रविवारी घेतो ना," ते म्हणाले. "घरी आपन दोघंच राहू."

तीन दिवस त्यांनी माझ्यासाठी घसा फोडला. शेवटच्या जाहिरातीत जमीनदार मेलेल्या बायकोला हाक मारतो, "रत्ना! ए रत्ना!" पहिली हाक उत्तम झाली होती. तरी मी म्हणालो, "भाऊ, अजून एक डाव, जोरात." त्यांनी जीव ओतून हाक मारली. मग रुमालात रक्त थुंकले. कशी झाली म्हणून विचारायला तोंड उघडलं, तर नुसती हवा आली.

रविवारचं भाभींनीच मला सांगितलं. "कानाजवळ तोंड आनलं जी त्यायनं. पन निस्ती फूक लागली." मला माझीच शिसारी आली.

मंडईच्या दिवशी दुपारी भेटायला गेलो. दोघं अंगणात खाटेवर बसले होते. भाऊंच्या गळ्यात भोक, त्यावर जाळीचं फडकं. तेवढ्यात रस्त्यावरून ऑटो आला. माझाच भोंगा. "रत्ना! ए रत्ना!"

भाभींनी झटकन मान रस्त्याकडे वळवली. चेहरा उजळला. भाऊंनी त्यांच्या हातावर हात ठेवला, दाबला, पुन्हा दाबला. भाभींनी तो हळूच बाजूला सारला.

"थांबा जी जरासे," त्या म्हणाल्या. "थे बोलून राहिले ना."