पाळी वेळेवर येते का?

"एकदा तरी पाळी वेळेवर आली का ह्या साली? केळी करपल्यावर येती मेली, तोंड दाखवून जाती."

आतून साखराबाईची ही कुरकुर ऐकू आली आणि बाहेर बसलेल्या डॉ. प्रियदर्शनीच्या हातातला कप तिथंच थांबला.

"कालव्याच्या पाण्याचं चाललंय तिचं," किशनराव म्हणाले. "तुम्ही चहा घ्या."

प्रियदर्शनी नांदेडच्या एका मेडिकल कॉलेजात शिकवायची. विभागप्रमुख राजशेखर सरांना घेऊन ती अर्धापूरजवळच्या या घरी आली होती, ती किशनरावांच्या पुनमसाठी. लातूरचे पाहुणे अडून बसले होते: मुलगी धडधाकट असल्याचा दाखला आणा, मग सुपारी फोडू. कारण प्रियदर्शनीचा संशोधनाचा पेपर. केळीवरच्या फवारणीनं या भागातल्या निम्म्याहून जास्त बायकांची पाळी अनियमित झालीय, असं त्यात छापलं होतं. पैसे भरून वाचायच्या जर्नलात तिनं तो मुद्दाम दिला नव्हता. ज्यांच्यावर लिहिलं त्यांनाही फुकट वाचता आलं पाहिजे, म्हणून खुल्या जर्नलासाठी ती सरांशी भांडली होती. वाचला की मग लोकांनी. कुणीतरी मोबाईलवर त्याचं मराठी करून ग्रुपवर टाकलं, आणि ते थेट लातूरला पोचलं.

"मावशी," तिनं हाक मारली, "आमच्या कॉलेजची पोरं माहिती गोळा करायला आली, त्यांनी विचारलं तेव्हा तुम्ही कुठल्या पाळीचं सांगितलं?"

साखराबाई पदराला हात पुसत दारात आली. "पाण्याच्या. आधी फवारणीचं इचारलं, मग मोटारीचं, मग म्हणं पाळी वेळेवर येती का. म्हणलं न्हाई बाबा, चुकतीच. सगळ्या बायांनी तेच सांगितलं. बरं वाटलं, कुणीतरी इचारून राहिलंय म्हणून."

"आणि बायकांची ती?"

साखराबाईनं नवऱ्याकडं बघून आवाज उतरवला. "तिला अडचण म्हणत्यात, बाई. ते परक्या पोरानं कशाला इचारावं?"

प्रियदर्शनीच्या घरात कधी जमीन नव्हती. विष्णुपुरीच्या धरणाशेजारी ती वाढली, पण पाण्याचीही पाळी असते हे तिच्या कानावर यायचं कारण नव्हतं. एवढ्यावर सुटता आलं असतं. पण तो निम्म्याहून जास्तचा आकडा पेपर लिहितानाच तिला खटकला होता. आणि खटकण्याआधी आनंद झाला होता. पुन्हा जाऊन विचारू, हे ओठावर आलेलं तिनं गिळलं होतं. बढतीची मुलाखत तोंडावर होती.

राजशेखर सरांचं बिस्कीट चहात तुटून पडलं. ते तिथंच बघत म्हणाले, "दाखला देऊन टाका, प्रियदर्शनी. पोरीचं काम होऊ द्या. बाकीचं कॉलेजात बोलू."

"तेच म्हणतो मी," किशनराव घाईनं म्हणाले. "आपलं निघालं म्हणजे झालं."

गावातल्या बाकीच्या पोरींचं कुणी नाव काढलं नाही. प्रियदर्शनीनं पर्समधून लेटरहेड काढलं, पेन उघडलं.

तेवढ्यात पुनम आईच्या मागून पुढं आली. "मॅडम, तपासायला येताना कपडे कसले घालून येऊ?"

बाजाराला निघताना विचारावं तसं विचारलं तिनं. प्रियदर्शनीच्यानं कागदावर तिचं नावही लिहवेना. तिनं पेन मिटलं.

"कुठंच येऊ नको, पुनम."

सर खाकरले. ती थांबली नाही.

"काका, मावशी, हिनं काय म्हणून सिद्ध करायचं? आमचा पेपर खोटा आहे. छापला तसा सगळ्यांच्या समोरच मागं घेते."